बहात्तर सेकंद

वायर जोडली आणि महिन्याभराची नोंद स्क्रीनवर उतरायला लागली, तेव्हा विलास थोरवत माझ्यासमोर बसून शर्टाची खालची बटणं लावत होते. त्यांची बायको शालन पिशवीतून फाईल काढत होती.

"महिना कसा गेला?" मी नेहमीसारखं विचारलं.

"बरा गेला," शालन म्हणाली. विलास बटणंच लावत राहिले.

मी स्क्रीनकडे पाहिलं. पंप बंद, अठरा सेकंद. खाली आठवड्यानं पुन्हा, पंप बंद, एकतीस सेकंद. मग पन्नास. शेवटची नोंद गेल्याच आठवड्यातली होती. पंप बंद, बहात्तर सेकंद.

चारही वेळा वार गुरुवार आणि वेळ दुपारी दोन ते सव्वादोनच्या मधली.

विलास कराडच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. वय अठ्ठेचाळीस. दीड वर्षापूर्वी एक साधा ताप आला आणि त्यानं त्यांचं हृदय इतकं सुजवलं की ते रक्त पुढे ढकलेना. आमच्या पुण्याच्या हॉस्पिटलात तेव्हा एका परदेशी कंपनीच्या नव्या पंपाचा अभ्यास चालू होता, त्यात त्यांचा नंबर लागला. छातीत मुठीएवढा पंप बसवला. गावाकडचे लोक त्याला सरळ मशीनचं हृदय म्हणत. पोटातून एक केबल बाहेर यायची, ती कमरेच्या डब्याला जोडलेली, आणि डब्याला दोन बॅटऱ्या. डबा सगळं लिहून ठेवायचा. ते दर महिन्याला उतरवून वाचणं हे माझं काम. मी पंप कोऑर्डिनेटर होते, सत्तावीस वर्षांची.

बॅटरी नेहमी एकेक करून बदलायची असते. पंप बंद पडायला दोन्ही एकदम काढाव्या लागतात. ते चुकून होत नाही, आणि चार गुरुवार चुकून तर होतच नाही.

"बॅटऱ्या कोण बदलतं घरी?"

"मीच," शालन म्हणाली.

"कधी दोन्ही एकदम निघाल्या? अलार्म वाजला?"

"नाही."

फार पटकन म्हणाली. विलासनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी वायर काढली, पुढची तारीख दिली, पोटाची जखम तपासली. केबल बाहेर येते तिथे पुन्हा लाली होती. चौथ्यांदा. औषध लिहून दिलं. ती दोघं गेल्यावर मी नोंदीचे कागद छापले आणि डॉक्टर सबनीसांच्या खोलीत गेले.

त्यांनी कागद वाचले. "विचारलंस त्यांना?"

"विचारलं. ती नाही म्हणाली."

"आणि तो?"

"गप्प होते. सर, सेकंद बघा. दर वेळी वाढलेत."

"म्हणजे काय म्हणायचंय तुला?"

"कुणीतरी बघतंय, जीव जायला किती वेळ लागतो ते."

सबनीसांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वेड्यात काढतील असं वाटलं होतं, पण त्यांनी तसं केलं नाही. "आधी घरच्या दुसऱ्या कुणाशी तरी बोल," ते म्हणाले. "जपून."

मी इतक्या झटकन तिथपर्यंत कशी पोचले, हे सांगायला हवं. विलास आमचे तिसरे पंपवाले. पहिला पेशंट महिन्यात गेला. दुसरी सोलापूरची एक बाई होती. ती गेली त्या दिवशी तिचा नवरा माझ्यासमोर रडत म्हणाला की अलार्म वाजलाच नाही. मी डबा उघडून पाहिला. अलार्म अकरा मिनिटं वाजला होता. तेव्हापासून माणसं काय सांगतात यापेक्षा डबा काय सांगतो यावर मी चालायला लागले होते.

विलासचा धाकटा भाऊ धनाजी साखर कारखान्यात कारकून होता. त्याला फोन केला. सेकंदांचं काही सांगितलं नाही, नुसतं विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना.

त्यानं आवाज खाली केला. "मॅडम, मी कुणाबद्दल वाईट बोलत नाही. पण वहिनी आता पहिल्यासारखी राहिली नाही. दीड वर्ष झालं, धड झोप नाही तिला. मूलबाळ नाही. परवा आईला म्हणाली, ही वायर एकदाची निघाली पाहिजे."

"असं म्हणाली?"

"असंच. आईनं त्या दिवशी जेवण सोडलं."

"गुरुवारी दुपारी घरी कोण असतं?"

"गुरुवारी मी हाफ डे घेतो. आईला दत्ताच्या देवळात न्यावं लागतं, प्रसाद घेऊनच येतो आम्ही. घरी दोघंच असतात. का हो?"

मी त्याला सगळं सांगितलं.

पुढच्या गुरुवारी हॉस्पिटलची गाडी घेऊन मी निघाले. धनाजी कराडच्या फाट्यावर उभा होता. आईला देवळात सोडून आला होता. तिथून आत चार किलोमीटरवर त्यांचं गाव. गाडी शाळेजवळ उभी केली आणि आम्ही चालत गेलो. दोन वाजून गेले होते. दाराला आतून कडी होती. शेजारच्या ओट्यावर दोन बायका शेंगा फोडत बसल्या होत्या, त्या आमच्याकडे बघायला लागल्या.

आत काही बोलणं चाललं होतं, पण शब्द कळत नव्हते. मी खिडकीच्या जाळीशी गेले, आतून पडदा होता. धनाजी कानात म्हणाला, "तोडू का?" मी थांब म्हणून खूण केली. आपली चूक असेल तर, असं मला त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं. तेवढ्यात अलार्म सुरू झाला. एका सुरात, न थांबता. तो आवाज मी झोपेतही ओळखते.

जुनी जाड कडी होती, लाथा घालून ती उचकटायला धनाजीला मिनिटाच्या वर गेलं.

विलास प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते, शर्ट उघडा. दोन्ही बॅटऱ्यांच्या वायरी सुटलेल्या आणि शालनच्या मांडीवर. ती खाली चटईवर बसली होती. तिच्या डाव्या हाताची तीन बोटं त्यांच्या मनगटावर होती आणि नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. ती मोठ्यानं मोजत होती. आम्ही आत आलो तरी तिनं मोजणं सोडलं नाही.

"चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी. जरा थांबा, शंभर होऊ द्या."

मी तिच्या मांडीवरून वायरी ओढल्या आणि जोडल्या. पंप सुरू झाला, आवाज थांबला. विलास माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, तुम्ही कशा काय?"

दीड मिनिट पंपाशिवाय काढलेल्या माणसाचा तो आवाज नव्हता. कपाळावर घाम नव्हता, ओठ काळे पडले नव्हते. मी हे सगळं पाहिलं. आणि त्याचा काही विचार केला नाही.

"काय करत होतात?" मी शालनला विचारलं.

"नाडी बघत होते."

"कुणाची?"

"ह्यांची. लागती ह्यांची नाडी. तीन महिने झाले."

"तुम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. हा पंप रक्त सलग ढकलतो. ठोके पडत नाहीत. पंपावरच्या माणसाच्या मनगटाला नाडी लागत नाही."

"म्हणूनच तर," ती म्हणाली.

तिला पुढे बोलायचं होतं. पण शेंगा फोडणाऱ्या बायका दारात आल्या होत्या, त्यांच्यामागे आणखी चारपाच माणसं. धनाजी ओरडला, "वहिनी, दादाला मारायला बसला होता काय?" विलास उठायला गेले तर त्यानं त्यांना दाबून बसवलं. तेवढ्यात त्याची आई आली. आवाज ऐकून कुणीतरी देवळात सांगायला पळालं होतं. म्हातारीच्या हातात प्रसादाचा द्रोण तसाच होता. तिनं धनाजीला काही विचारलं नाही, शालनलाही नाही. माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"डाक्टरीणबाई, काय केलं हिनं?"

मी म्हणाले, "पंप बंद केला. चार आठवडे करतायत. मुद्दाम. यांच्या हाती पेशंट ठेवता येणार नाही."

एवढंच बोलले. एवढं पुरेसं होतं. म्हातारीनं द्रोण खाली ठेवला आणि पदरानं तोंड झाकलं.

विलासना पुण्याला न्यायचं ठरलं. शालन गाडीत बसायला आली तेव्हा मी दार धरलं. "धनाजी येतील. तुम्ही नको."

"ही नाही तर मी पण येत नाही," विलास म्हणाले. पण आईनं त्यांचे पाय धरले, मग ते बसले.

शालननं बॅटऱ्यांची पिशवी खांद्यावरून काढून माझ्याकडे दिली. डोळे कोरडे होते. "उजवीकडची लवकर उतरती," ती म्हणाली. "तिला लाल दोरा बांधलाय. रातीला ती लावू नका."

सातारा येईपर्यंत धनाजी पुढे बसून झोपला. मी मागे विलासच्या शेजारी होते, डब्यावरचे आकडे बघत.

"मॅडम, एसटी ढकलून स्टार्ट करतात, बघितलंय कधी?" विलास म्हणाले.

"बघितलंय."

"बॅटरी बसली की ढकलतात. धाबारा माणसं लागतात. इंजिननं पकडलं की ती बाजूला होतात. समजा नाही झाली बाजूला, ढकलतच राहिली, तर ड्रायव्हरला कळणार कसं, गाडी इंजिनावर चाललीय का माणसांवर?"

मी आकडे वहीत लिहीत राहिले.

"मीच सांगितलं तिला काढायला. पहिल्या दिवशी तिला वायर काढवेना. मी अठरा मोजले आणि बास म्हणालो. काही झालं नाही मला. जरा गरगरलं. पुढच्या वेळी तेवढंपण नाही."

"तुम्ही त्यांना वाचवायला असं म्हणताय."

"ही जखम चौथ्यांदा चिघळलीय. डॉक्टरच म्हणाले, पू आत पंपापर्यंत गेला तर काही खरं नाही. मग वाट किती बघायची? तुम्हाला दोनदा सांगितलं तिनं, नाडी लागतीय म्हणून."

"मला कधी सांगितलं?"

त्यांनी नुसता हात पुढे केला, तळवा वर. मी दुसरीकडे बघितलं. हात तसाच होता. खंबाटकीचा बोगदा गेला, तरी तसाच. शेवटी, त्यांना बरं वाटावं म्हणून, मी मनगटावर बोटं ठेवली.

ठोका लागला.

मला वाटलं माझ्याच बोटांतला असेल. बोटं बदलली, डाव्या हाताची लावली. पुन्हा लागला. दमदार होता असं नाही म्हणणार, पण एकामागून एक येत होता, बिनचूक. पंपाला ठोका नसतो. तो दुसऱ्या कशाचा असणं शक्यच नव्हतं. शिरवळ येईपर्यंत मी हात सोडला नाही. मोजायचं मात्र विसरले.

सबनीस संध्याकाळी थांबले. विलासना इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, टेबलावर घेतलं आणि पंपाचा वेग एकेक पायरी कमी करत नेला. दीड वर्षापूर्वी स्क्रीनवर जे हृदय मी पाहिलं होतं ते सैल पिशवीसारखं नुसतं हलत होतं. आता ते आवळत होतं, सुटत होतं. वेग सगळ्यात खाली आणला तरी आवळत होतं. सबनीसांनी वेग पुन्हा वर नेला. मग म्हणाले, "फाईल दे."

मार्चच्या पानावर माझ्या अक्षरात लिहिलं होतं: पत्नीच्या मते मनगटाला नाडी लागते. समजूत घातली. एप्रिलच्या पानावर: पत्नीची तीच तक्रार. पुन्हा समजूत घातली.

मला त्यातलं काहीसुद्धा आठवत नव्हतं.

"इको का नाही केला तेव्हा?" सबनीस म्हणाले.

"अभ्यासाच्या नियमात सहा महिन्यांनी होता. पुढच्या महिन्यात येणार होता."

"मीही सही केलीय याच्यावर," ते पान बघत म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "त्यांनी केलं ते भयंकर आहे, ऋजुता. थांबलेल्या पंपात रक्ताची गाठ धरली असती आणि सुरू केल्यावर मेंदूत गेली असती. ते नशिबानं वाचलेत, हे त्यांना सांगावं लागेल."

"हो सर."

"आणि त्यांचं बरोबर होतं, हेही सांगावं लागेल. ते तू सांग."

दुसऱ्या दिवशी मी शालनला फोन केला. तिच्याकडे फोन नव्हता, शेजारच्यांचा होता. शेजारणीनं मी कोण ते विचारलं आणि म्हणाली, ती माहेरी गेलीय, तिला इथं कोण ठेवून घेणार. माहेरचा नंबर मिळवायला संध्याकाळ झाली. मी सगळं सांगितलं, माझं चुकलं असंही म्हणाले. तिनं एवढंच विचारलं, "कवा यायचं?"

ती शनिवारी आली. महिनाभर तपासण्या चालल्या, त्या सगळ्या दिवसांत ती वॉर्डाबाहेरच्या बाकावर असायची. माझ्याशी कामापुरतं बोलायची. नंतर ऑपरेशन करून पंप काढला. पहिले दोन दिवस वाईट गेले, तिसऱ्या दिवशी विलासनी चहा मागितला. आमच्या हॉस्पिटलात पंप काढून आपल्या हृदयावर घरी गेलेला तो पहिला माणूस.

मी पुन्हा त्या गावाला गेले. म्हातारीच्या घरी, त्याच खोलीत उभी राहिले आणि शेजाऱ्यांनाही बोलावून घेतलं. शालननं मारायला नाही, जगवायला तसं केलं, मी सांगितलं ते खोटं ठरलं, असं सगळ्यांसमोर म्हणाले. धनाजी खाली बघत होता. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं.

"तवा पण तुमीच सांगितलं," ती म्हणाली. "आता पण तुमीच सांगताय."

मी नमस्कार करून बाहेर आले.

शालन त्या घरी परत गेली नाही. विलास डेपोत स्टोअरला बसायला लागले आणि दोघं कराडला एसटीच्या क्वार्टरमध्ये राहायला आली. ते पुढे निवृत्त होईपर्यंत तिथेच होते. ऑपरेशनला वर्ष झालं तेव्हा तपासणीला ते एकटेच आले आणि जाताना म्हणाले, कराडकडे आलात तर या. माझी हिंमत व्हायला आणखी चार महिने गेले.

दोन खोल्यांचं घर होतं. विलास कामावर होते. शालननं मला खुर्ची दिली आणि स्टोव्ह पेटवून चहा टाकला. मी हवापाण्याचं बोलले, तिच्या बहिणीचं लग्न ठरलं होतं त्याचं विचारलं. तिनं सगळ्याची उत्तरं दिली. मग चहा उकळत असताना, माझ्याकडे पाठ करूनच तिनं विचारलं.

"मॅडम, एक सांगा. त्या दिवशी हे खुर्चीतच गेले असते, तर तुम्ही काय लिहिलं असतं?"

मी उगाच काहीतरी सांगू शकले असते.

"तुम्ही मारलंत, असंच लिहिलं असतं," मी म्हणाले. "आणि जन्मभर तेच खरं धरलं असतं."

ती वळली. रागावली असेल असं वाटलं होतं, पण चेहरा शांत होता.

"मला ठाऊक होतं ते," ती म्हणाली. "पहिल्या गुरुवारपासून. हे म्हणाले, मी चिठ्ठी लिहून ठेवतो, माझ्या मर्जीनं केलं म्हणून. मीच नको म्हणाले. चिठ्ठी लिहायला बसले असते तर धीर सुटला असता त्यांचा. मग वायर काढलीच नसती आम्ही."

तिनं चहा गाळला. दोन कप होते, एक माझ्यापुढे ठेवला आणि समोर चटईवर बसली.

"मग तसंच केलं, चिठ्ठीशिवाय," ती म्हणाली.